अंगी लागलेलं तेल

जीभबाईंचं खरं नाव कारखान्यात कुणाला आठवत नसे. कधी हजेरीला कुणी ते पुकारलंच, तर हाक दुसऱ्या कुणाला असेल असं वाटून त्या स्वतःच मागे वळून बघायच्या.

कारखाना खाडीच्या टोकाला होता, माशांच्या कलेजीतून तेल काढायचा. वाफेच्या मोठ्या भांड्यांत कलेज्या वितळायच्या, वर तेल तरंगायचं, ते टाक्यांत भरायचं, मग गाळायचं, आणि शेवटी तपकिरी बाटल्यांतून ते गावोगावच्या पोरांच्या तोंडात जायचं, एका हाताने त्यांचं नाक दाबून. जीभबाईंचं काम मधल्या टप्प्यावरचं. टाकी गाळायला जाण्याआधी त्यातलं तेल चाखायचं आणि खवट आहे की नाही ते सांगायचं. त्यांनी मान हलवली तर टाकी पुढे, नाक मुरडलं तर साबणवाल्याकडे.

चाखायची एक रीत असते. चमचा तळहातात धरून कोमट करायचा, तेल जिभेवर पसरवायचं, दातांच्या फटीतून हवा आत ओढायची आणि मग शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकून टाकायचं. जीभबाई सगळं करायच्या, शेवटचं सोडून. त्या गिळायच्या.

"अहो बाई, थुंका ते," त्या नव्या होत्या तेव्हा सुपरवायझर म्हणाले होते.

"खवटपणा घशात कळतो साहेब," जीभबाई म्हणाल्या. "जीभ काय, गोड बोलून मोकळी होते."

पुढच्याच आठवड्यात जिभेवर साखरेसारखी गोड वाटलेली टाकी त्यांनी घशाच्या भरवशावर परत पाठवली, आणि ती खरोखरच बिघडलेली निघाली. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालायला कुणी गेलं नाही. थुंकायच्या भांड्यात त्यांनी पुदिना लावला.

तेल त्यांच्या अंगी लागलं, हे कुणीही सांगितलं असतं. गाल तुकतुकीत, केस काळेभोर, कोपरं लोण्यासारखी. वर्षागणिक त्या थोड्या थोड्या रुंद होत गेल्या, पण ते रुंद होणंही असं सुबक, की बघणाऱ्याला भरल्या घरात आल्यासारखं वाटायचं. त्यांचे यजमान नळाची कामं करायचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. ते अंगाने पाइपासारखे. दोघं रस्त्याने चालायला लागली की लोक म्हणायचे, टाकी आणि नळ निघाले.

मुलं दोन. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघांच्याही वेळी जीभबाई दुपारच्या सुट्टीत कारखान्यातून तरातरा घरी यायच्या, बाळाला पाजायच्या आणि परत टाक्यांकडे जायच्या. थोरली वर्ष उलटून गेलं तरी सोडायला तयार नव्हती. धाकट्याने मात्र दात येताच चावून स्वतःच तो विषय संपवला.

थोरली मोठी झाली, मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवू लागली, तिला स्वतःला मुलगी झाली, तरी तिच्या मनातला एक काटा काही निघाला नव्हता. आईने सगळं धाकट्याला दिलं, हा तो काटा. खिडकीची खोली त्याला, नवी सायकल त्याला, कोंबडीचा मोठा तुकडा त्याला. रविवारी सगळे जेवायला जमले की हा विषय मिठासारखा असायचाच, कधी कमी, कधी जास्त. धाकटा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो शांतपणे जेवत राहायचा, आणि तेच थोरलीला जास्त झोंबायचं.

जीभबाई निवृत्त झाल्या आणि गुडघे बोलायला लागले. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा. दुसरं औषध नाही." जीभबाई मनावर घेणाऱ्या बाई. सकाळ-संध्याकाळ चालणं, वाफवलेली भाजी, रात्री नुसतं सूप. काही महिन्यांत त्यांच्या झग्यांच्या बाजू आत घ्याव्या लागल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. जीभबाईंना मात्र हल्ली डोकं जड वाटायचं, उगाच घाम फुटायचा, पण ते भुकेने होत असेल असं त्यांनी धरून चाललं.

त्याच सुमारास कारखान्यातून निरोप आला की मॅनेजरसाहेबांनी चहाला बोलावलंय.

मॅनेजर आनंदात होते. कारखान्यात नवी प्रयोगशाळा झाली होती आणि ती चालवायला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. सगळे त्यांना लॅबच्या मॅडम म्हणायचे. मॅडमनी पहिल्याच झटक्यात शोधून काढलं होतं की नदीच्या वरच्या अंगाला, आता बंद पडलेल्या विजेच्या सामानाच्या एका कारखान्यातून एक जड, चिवट रसायन कित्येक वर्षं पाण्यात झिरपत होतं. ते पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. गाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत, छोट्यांतून मोठ्यांत, आणि मोठ्यांच्या शरीरात सगळ्यांत तेलकट जागा कुठली, तर कलेजी.

"म्हणजे आपलं तेल?" जीभबाईंनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे," मॅनेजर म्हणाले. "आपण तेलाचा वास मारायला ते कोळशाच्या भुकटीतून गाळतो ना, पहिल्यापासून? त्या कोळशाने वासाबरोबर हेही धरून ठेवलं. कपाटातल्या जुन्या बाटल्यासुद्धा तपासल्या. सगळ्या स्वच्छ. एकाही पोराला काही झालेलं नाही. गाळण्याआधीचं तेल तेवढं भयंकर आहे, पण ते कोण पितंय? गाळण्याआधीचं तेल आजवर एकाही माणसाच्या..."

इथे मॅनेजर थांबले. त्यांनी जीभबाईंकडे पाहिलं. मग लॅबच्या मॅडमकडे पाहिलं. मग चहाच्या कपाकडे.

"बाई, तुम्ही थुंकत होतात ना?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

जीभबाईंचं रक्त घेतलं गेलं. ते यंत्रात घातल्यावर यंत्राने एक लांब सूर काढला आणि बंद पडलं. मॅडमनी ते उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं. खात्री करायला मॅनेजरांचं रक्त घातलं, तेव्हा यंत्र नीट चाललं. पुन्हा जीभबाईंचं घातलं, पुन्हा तोच सूर. "माझ्यामुळे तुमचं मशीन बिघडलं," जीभबाई ओशाळून म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, बिघडलेलं नाही, त्याला मोजायला एवढं मिळण्याची सवय नाही. मग त्यांनी रक्त पातळ करून करून यंत्राच्या आवाक्यात आणलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीही बरोबर आले. आतून काय कसं जातं हे त्यांना समजून घ्यायचं होतं, कारण आयुष्यभर तोच त्यांचा धंदा होता.

"हे बघा," मॅडमनी कागदावर पोट काढलं. "तेल आतड्यात येतं. आतड्याच्या भिंतीतून तेलाचे बारीक थेंब आत घेतले जातात, आणि हे रसायन त्या थेंबांत बसून येतं. मग एका दुधाळ पाटातून ते रक्तात पोचतं. रक्त म्हणजे मुख्यतः पाणी, तिथे याला करमत नाही. चरबी दिसली की हे उतरतं आणि मुक्काम ठोकतं. वर्षानुवर्षं."

"भाडेकरूसारखं," मिस्त्री म्हणाले.

"न हलणाऱ्या भाडेकरूसारखं. थोडंसं पित्ताबरोबर परत आतड्यात गळतं..."

"मग गेलं की बाहेर."

"नाही ना. तेवढ्यात पुढचं जेवण येतं, त्यात चरबी असते, आणि ती याला पुन्हा आत घेऊन जाते."

मिस्त्री बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. ज्याने कुणी ही नळजोडणी केली होती त्याच्याविषयी त्यांचं मत काही चांगलं झालेलं दिसलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ठरवलं की लाइन साफ करायची तर पाण्याचा जोर पाहिजे, आणि जीभबाईंना तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला लावलं. तीन दिवस जीभबाई दुसरं काहीच करू शकल्या नाहीत. मॅडमना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाण्याचा याच्यावर काही परिणाम नाही. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे."

पण मॅडमना खरी काळजी निराळीच होती. "तुम्ही वजन उतरवताय का?" त्यांनी विचारलं.

"हो," जीभबाई अभिमानाने म्हणाल्या.

"थांबवा. चरबी वितळली की त्यात साठलेलं सगळं एकदम रक्तात मोकळं होतं. म्हणून डोकं जड होत असेल. नक्की सांगता येत नाही, पण मला धोका पत्करायचा नाही. तुम्ही बारीक होऊ नका."

गुडघ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला होता. जीभबाई तिथे गेल्या. ते म्हणाले, "कोण म्हणतं बारीक होऊ नका? गुडघे बदलावे लागतील." जीभबाई परत या टोकाला आल्या. मॅडम म्हणाल्या, "गुडघे बदलता येतात. यकृताचं काय करू?" त्या पुन्हा त्या टोकाला गेल्या. एवढ्या येण्याजाण्यातच त्यांचं वजन उतरत होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. शेवटी दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं, फार अदबीने, आणि असं ठरलं की जीभबाईंनी बारीक व्हावं, पण कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं हळू. मिस्त्रींनी रोज सकाळी त्यांना काट्यावर उभं करायला सुरुवात केली. काटा खाली सरकलेला दिसला की ते लगबगीने लोणी लावलेला पाव आणायचे, वर सरकला की तोच पाव हातातून काढून घ्यायचे. कधी कधी हे एकाच न्याहारीत घडायचं.

हे सगळं जीभबाईंनी हसत सोसलं. त्यांना ज्याने मोडलं ते मॅडम सहज बोलून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "बाईच्या शरीरातून हे भराभर बाहेर पडायची एकच वाट असते. दूध. दुधात चरबी असते ना. पहिल्या बाळाला सगळ्यांत जास्त जातं."

जीभबाई त्या दुपारी घरी येऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या त्या बसल्याच. त्यांना दुपारच्या सुट्टीतलं ते धावत येणं आठवत होतं. दारातून आत पाऊल टाकताच थोरलीचे पुढे आलेले हात. चपला काढायचीसुद्धा सवड न देणारे. आपण काय पाजत होतो पोरीला? मिस्त्री जवळ येऊन उभे राहिले. मग त्यांनी गळत नसलेला नळ घट्ट केला.

"सांगायला हवं तिला," जीभबाई म्हणाल्या.

"सांगू. रविवारी."

रविवारी जीभबाईंनी जेवण वाढलं, पण स्वतः घास घेतला नाही. सगळं सांगितलं, नदीपासून दुधापर्यंत. "पहिल्या बाळाला जास्त जातं, असं मॅडम म्हणाल्या," त्यांनी कसंबसं संपवलं आणि झग्याला पदर नसल्यामुळे डोळ्यांना हातपुसणं लावलं.

थोरलीने हातातला काटा खाली ठेवला.

"म्हणजे मला जास्त?" तिने विचारलं.

"हो गं बाळा."

"याच्यापेक्षा?"

"हो. तू वर्षावर प्यायलीस ना. तो लवकर सुटला."

थोरलीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते जीभबाईंना आधी कळलंच नाही. रडू असेल असं समजून त्या उठून तिच्याकडे जायला निघाल्या. पण ते रडू नव्हतं. थोरली खुर्चीत मागे रेलली, तिने भावाकडे पाहिलं आणि अगदी निवांत आवाजात म्हणाली, "बघ."

धाकट्याचं जेवण पहिल्यांदा थांबलं. "तसं काही सिद्ध झालेलं नाही," तो म्हणाला. "मीही प्यायलोय. आणि मी आईच्या हातचे मासे तुझ्यापेक्षा जास्त खाल्लेत."

"मासे विकत मिळतात."

"तपासून घेऊ मग."

"घेऊ की."

जीभबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "जेवा आधी."

दोघांनी रक्त दिलं. मॅडमनी निकाल सांगताना बराच वेळ समजावलं की इतक्या वर्षांनी दुधाचा हिशेब असा वेगळा काढता येत नाही, मूल वाढतं तसं ते शरीरभर पातळ होतं, आज जे दिसतंय त्यात पुढच्या खाण्याचाही वाटा आहे, आणि दोघांचेही आकडे घाबरावं असे नाहीत, फक्त लक्ष ठेवायचं. थोरलीने यातलं एवढंच ऐकलं की तिचा आकडा भावापेक्षा जास्त आहे. ती मोटारशाळेत सगळ्यांना सांगत सुटली. शिकायला येणाऱ्यांनाही, गाडी चौकात बंद पडलेली असताना. एका घाबरट गृहस्थांनी तर तिच्या शेजारी बसायचंच सोडलं आणि पुढच्या सीटऐवजी मागून शिकता येईल का, असं विचारलं.

धाकटा मात्र रुसला. रविवारी यायचा, पण आईशी तुटक बोलायचा. एकदा न राहवून म्हणाला, "चावलो म्हणून लगेच सोडवायचं का? थोडं थांबली असतीस तर." जीभबाईंना हसावं की रडावं कळेना. पोरांच्या पोटात विष गेलं म्हणून त्यांची झोप उडालेली, आणि पोरं वाटणीवरून भांडत होती.

मॅडम दरम्यान उपाय शोधत होत्या. एक दिवस त्या मोठं खोकं घेऊन घरी आल्या. त्यात बटाट्याचे वेफर होते.

"हे औषध आहे," त्या म्हणाल्या. मिस्त्री तिथेच उभे होते. त्यांना मधुमेह, तळलेलं बंद, वेफरकडे बघायलाही बंदी. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं.

"हे साध्या तेलात तळलेले नाहीत. ही एक वेगळी बनवलेली चरबी आहे. चव तेलासारखी, पण आतडं तिला आत घेऊच शकत नाही. तोंडातून आत, सरळ बाहेर. पित्तातून जे रसायन आतड्यात येतं ते या चरबीत विरघळतं, आणि परत आत जायच्या ऐवजी हिच्याबरोबर निघून जातं. जादू नाही, हळूहळूच होईल. आणि, म्हणजे, पोट थोडं सैल राहील."

जीभबाईंनी एक वेफर जिभेवर ठेवला, दातांतून हवा ओढली, गिळला आणि वाट बघितली. बराच वेळ. मग त्यांचा चेहरा पडला.

"याला घशात काहीच नाही," त्या म्हणाल्या. "जिभेवर तेल आहे, घशात कुणी नाही. दार उघडलं आणि घर रिकामं. मी हे नाकारलं असतं."

"चवीसाठी नाहीये," मॅडम म्हणाल्या.

त्या खाऊ लागल्या. रोज वाडगाभर, तोंड कडू करून, ज्या पदार्थासाठी नवरा दारामागून जीव टाकत होता तो. आठवडाभरातच खोक्यातले वेफर हिशेबापेक्षा लवकर कमी होताहेत असं जीभबाईंना वाटू लागलं, आणि पोट थोडं सैल राहील म्हणजे नेमकं काय, हे मिस्त्रींच्या चेहऱ्यावरूनही दिसू लागलं. घरात संडास एकच. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीचे संडास जोडून दिले तो सकाळी स्वतःच्या दाराबाहेर कडी वाजवत उभा असायचा.

"तुम्ही खाल्लेत ना?" आतून आवाज यायचा.

"एकच खाल्ला गं. तपासायला."

सगळं असं सुरळीत चाललं असताना घातक कचरा खात्याचे साहेब दारात आले. इस्त्रीचा शर्ट, अत्यंत सभ्य. त्यांना वरून कळलं होतं की या घरातून एक नियंत्रित रसायन बाहेर पडतं आहे.

"कुठे जातं ते, काकू?"

"कुठे म्हणजे," जीभबाई लाजून म्हणाल्या, "जिथे सगळ्यांचं जातं तिथे."

"म्हणजे गटारात. तिथून?"

याचं उत्तर मिस्त्रींना पाठ होतं. "तिथून मोठ्या लाइनीने खाडीत," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच थबकले. खाडीतून गाळात, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत, माशांतून कलेजीत. ते खुर्चीत बसले.

"तेच," साहेब म्हणाले. "परवानगीशिवाय खाडीत सोडता येणार नाही."

मॅडमनी फोनवरून सांगून पाहिलं की जे बाहेर पडतंय ते मोहरीच्या दाण्याच्याही कणाइतकं नाही. साहेब म्हणाले, नियमात मोहरीचा उल्लेख नाही. दोन दिवसांनी एक पिवळं पिंप आलं, झाकणावर कवटी काढलेलं, आणि त्याबरोबर वर बसायची एक प्लास्टिकची खुर्ची, मधोमध गोल कापलेली. ते मागच्या अंगणात ठेवायचं ठरलं. मिस्त्रींनी भोवती ताडपत्रीचा आडोसा केला, आणि स्वतःच्या हातची जोडणी असलेला चांगला संडास घरात असताना बायकोने असं अंगणात जावं, या दुःखाने ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

पिंप न्यायला दर आठवड्याला गाडी यायची. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घातलेली दोन माणसं उतरायची. तोंडावर मुखवटे, हातात रबरी मोजे. ती जपून पावलं टाकत अंगणात जायची आणि पिंप उचलायची. जीभबाई चपला घालून, स्वेटर अडकवून दारात उभ्या असायच्या.

"चहा घेणार का रे बाबांनो? लांबून आलात."

माणसं मुखवट्यातून माना हलवायची. मुखवटा काढायची परवानगी नव्हती. पुढे पुढे जीभबाई त्यांना निघताना थर्मास भरून द्यायला लागल्या.

समोरच्या काकूंनी पहिल्या गाडीनंतर आपली मुलं अंगणात सोडणं बंद केलं, आणि चौथ्या गाडीनंतर पुन्हा चालू केलं, कारण घरासमोर कुणी वाहनं लावेनासं झाल्याने गल्लीत खेळायला मोकळी जागा झाली होती.

हे सगळं थोरली दर रविवारी बघायची. एकदा मॅडमच म्हणाल्या की थोरलीलाही वेफर द्यायला हरकत नाही, तिचाही आकडा उतरेल. जीभबाईंनी तिच्यासमोर वाडगा ठेवला.

"मला नको," थोरली म्हणाली.

"का? काही दुखत नाही त्याने. फार तर पोट जरा..."

"ते नाही. अंगात आहे ते आईचं आहे. राहू दे माझ्याकडे."

जीभबाई आयुष्यात फारशा रागावल्या नव्हत्या. त्या दिवशी रागावल्या. आवाज चढला नाही, पण त्यांनी वाडगा एवढ्या जोरात पुढे सरकवला की दोन वेफर उडून मिस्त्रींच्या मांडीवर पडले, आणि तिथून दिसेनासे झाले.

"आईचं म्हणून काय ठेवशील?" त्या म्हणाल्या. "मला माहीत असतं तर एक थेंब दिला नसता. तू हात पसरायचीस, मी धावत यायचे. त्या धावण्यात काय होतं ते तुला तपासून नाही कळायचं. हे मात्र घाण आहे. ही बाहेर काढ. तुला मुलगी आहे, उद्या दुसरं होईल, त्याला काय पाजणार आहेस?"

थोरली टेबलावरच्या एका डागावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "तू खरंच धावत यायचीस?"

"धावत," मिस्त्री म्हणाले. "एकदा चप्पल रस्त्यातच राहिली होती."

थोरलीने तोंड उघडलं. लहान पोरासारखं, डोळे मिटून, नाक दाबून. जीभबाईंनी तिला वेफर भरवला. एक, मग दुसरा. "घशात काहीच नाही याला," थोरली चावत म्हणाली, आणि जीभबाईंना वाटलं, पोरीला निदान घसा तरी चांगला दिला.

तेव्हापासून दर रविवारी थोरली यायची आणि थोडे घरीही घेऊन जायची. अंगणात दुसरं पिंप आलं. कचराखात्याचे साहेब स्वतः बघून गेले आणि दोन पिंपांतलं अंतर नियमात बसतं, असं समाधानाने म्हणाले.

वर्ष गेलं. जीभबाईंचं रक्त यंत्रात घातल्यावर आता यंत्र सूर काढत नसे. वजन उतरलं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकंच. गुडघे कुरकुरत होते, पण आपलेच होते. मॅडमनी पुन्हा सगळ्यांचं रक्त घेतलं आणि मुलांचे निकाल आणायला धाकटा गेला, कारण त्याचं दुकान तिथून जवळ होतं.

तो घरी आला तेव्हा स्वयंपाकघरात जीभबाई एकट्याच होत्या. तो चष्मा पुसत उभा राहिला.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"ताईचा खूप उतरला."

"बरं झालं. आणि तुझा?"

"माझा होता तिथेच आहे. मी कुठे वेफर खातोय." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "आता माझा जास्त आहे, आई. तिच्यापेक्षा."

जीभबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. इतके महिने रुसून बसलेल्या पोराच्या हाती शेवटी हवं ते आलं होतं. त्या काही बोलणार, तेवढ्यात बाहेर थोरलीची गाडी थांबली, मोटारशाळेची, दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली. थोरली आत आली आणि पर्स ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "काय आलं?"

धाकट्याने आईकडे पाहिलं. "उतरलंय तुझं," तो म्हणाला. "पण अजून माझ्या वरच आहे. बरंच."

"असणारच," थोरली म्हणाली, आणि ओट्यावरची काकडी उचलून खायला लागली.

धाकट्याने ती गोष्ट पोटात ठेवली. जीभबाईंनीही ठेवली, आणि धाकट्याच्या ताटात मासा वाढायला घेतला होता तो हळूच परत ठेवून त्याला अंडं दिलं. उद्यापासून यालाही वाडगा सुरू करायला हवा, आणि थोरलीला न कळता, याचा विचार त्या करू लागल्या. तिसऱ्या पिंपाचं काय सांगायचं, हे मिस्त्री बघतील.

जेवणं झाल्यावर थोरली किल्ली फिरवत म्हणाली, "चल, तुला सोडते. नाही तर तूच चालव. इतकी वर्षं शिकव शिकव म्हणत होतास ना."

धाकटा चालकाच्या जागी बसला. गाडीने एक धक्का खाल्ला, बंद पडली, पुन्हा धक्का खाल्ला, पुन्हा बंद पडली. आतून थोरलीचा आवाज येत होता, क्लच हळू सोड, हळू म्हणजे हळू. जीभबाई आणि मिस्त्री खिडकीत उभे राहून बघत होते. तिसऱ्या वेळी गाडी चालायला लागली आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन, इंडिकेटर न देता, वळली.